नववा आकडा

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. आईला नाही. माझा एक जुना मित्र आहे, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं तो चारचौघांत सांगत फिरतो — त्यालाही नाही. तो म्हणतो ते खरंच आहे. मी बडबड्या माणूस. किल्ल्या हरवतो, छत्र्या विसरतो, दुसऱ्यांची गुपितं सांगून बसतो. ही एक गोष्ट मात्र मी सहा वर्षं नीट सांभाळली. माझ्यासारख्या माणसाला हे कसं जमलं, याचंच मला कधीकधी नवल वाटतं.

मग आज तुम्हाला का सांगतोय? नीट सांगता येणार नाही. गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली, आणि तेव्हापासून जेवताना घास फिरतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं. ओळखत असतात तर मी पहिल्याच वाक्यात स्वतःची बाजू मांडायला लागलो असतो. तशी सवय आहे मला.

आधी कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आणि खरं म्हणजे — कामाचं बोलताना माझा आवाज कापत नाही.

आमची कंपनी बावधनला, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. सात माणसं. केदार मालक, माझ्याच वयाचा, आणि त्याच्या खालोखाल मी. काम काय, तर चित्रांच्या फाइली लहान करणारं सॉफ्टवेअर लिहायचं. सहा वर्षांपूर्वी जुनी हस्तलिखितं स्कॅन करून ठेवणाऱ्या एका संस्थेचं काम आलं होतं. त्यांना फाइल लहान हवी होती, पण उघडल्यावर चित्रातला एक ठिपकाही बदललेला चालणार नव्हता. यासाठी वेव्हलेट नावाची रीत आहे. पीठ चाळल्यासारखं समजा. चित्र चाळायचं, जाडंभरडं एकीकडे, बारीक दुसरीकडे. जाडंभरडं पुन्हा चाळायचं, पुन्हा चाळायचं. असं निवडून ठेवलं की ते कमी जागेत मावतं. आणि चित्र बघायच्या वेळी सगळं उलट्या क्रमाने परत जोडायचं, असं की प्रत्येक कण आपल्या मूळ जागेवर गेला पाहिजे. चाळणाऱ्या भागाला अ‍ॅनॅलिसिस म्हणतात, जोडणाऱ्याला सिंथेसिस. जोडणारे फिल्टर माझ्याकडे होते. चाळणारे सारिकाकडे.

सारिका. लिहिलं एकदाचं नाव.

कासार आंबोलीची. धनगराची मुलगी. घरी मेंढरं, शेळ्या, थोडी शेती. त्यांच्या भावकीत इंजिनियर झालेली ही पहिली. तिच्या कॉलेजात मी शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बघायला जायचो, तिथे ती भेटली. मुलं इंटरनेटवरून उचललेलं दाखवायची. हिने सगळं वहीत हाताने सोडवून आणलं होतं. मीच केदारला सांगून तिला आमच्याकडे घेतली. पहिल्या दिवशी तिचा बाप तिला सोडायला आला होता. बिरू त्यांचं नाव. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी. मिठाईच्या दुकानापाशी उभं राहून मला म्हणाले, "सायेब, तुमच्या पदरात टाकली हाय पोरगी." मी म्हणालो, काही काळजी करू नका, मामा. किती सहज म्हणालो!

आता तुम्हाला वाटेल, माझी चूक म्हणजे प्रोग्राममधली चूक. तशी एक होती. पण ती मी कुणालाही हसत सांगितली असती. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या चुका म्हणजे न्हाव्याच्या दुकानातले केस, रोज झाडायचेच. ती चूक सांगतो, पण ती माझी चूक नव्हे. हे लक्षात ठेवा.

ती अशी. चाळताना काय किंवा जोडताना काय, प्रत्येक ठिपक्याला आपल्या दोन्ही बाजूंचे शेजारी लागतात. मधल्या ठिपक्यांचं ठीक असतं. पण चित्राच्या अगदी कडेच्या ठिपक्याला पलीकडे शेजारीच नाही. मग तिथे आरसा आहे असं धरायचं, आणि अलीकडचा शेजारीच पलीकडे उभा आहे असं मानायचं. नियम छापलेला आहे. चाळणाऱ्याने आणि जोडणाऱ्याने, दोघांनी तोच पाळायचा. मी मात्र ओळीतले ठिपके विषम असले की एक घर चुकत होतो. लगतचा शेजारी सोडून त्याच्या पुढचा उचलत होतो. एवढंच.

मग ते मला दिसलं कसं नाही? इथे गंमत आहे. जोडणारा भाग तपासायचा तर आधी चाळलेलं चित्र हवं. सारिकाचा भाग अजून व्हायचा होता. म्हणून मी तपासणीपुरता एक छोटा चाळणारा भाग स्वतःच लिहिला, आणि कडेचं जे काही करायचं ते माझ्याच जोडणाऱ्या भागातून उचलून त्यात डकवलं. म्हणजे तीच चूक दोन्हीकडे. चाळताना जेवढं चुकलं, जोडताना बरोबर तेवढंच उलटं चुकलं — आणि चित्र जसंच्या तसं परत! फरक शून्य. जे चित्र घालावं त्याचा फरक शून्य. मी खूश. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा, आपणच तपासायचा. मार्क कमी पडणार कसे?

सारिकाने एकदा विचारलंही होतं. सगळे जेवायला बसलो होतो. म्हणाली, सर, कडा वेगळ्या तपासल्या का? आमच्याकडे संध्याकाळी मेंढरं मोजताना कडेची आधी बघतात, बिबट्या मधलं नेत नाही. सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त. म्हणालो, बाई, इथे बावधनमध्ये बिबट्या नाही. तीही हसली. वाईट वाटलेलं दिसलं नाही. किंवा मी बघितलं नाही.

मग एका सोमवारी तिचा भाग आणि माझा भाग पहिल्यांदा एकत्र चालवला. संस्थेने पाठवलेली खरीखुरी पानं घातली. पानाचा मधला मजकूर सुरेख. पण उजवीकडच्या समासात, जिथे कुणीतरी बारीक अक्षरात टिपा लिहिल्या होत्या, तिथे ओलं बोट फिरवल्यासारखा पट्टा. अक्षरं पुसट. केदारचा चेहरा उतरला. पंधरा दिवसांच्या आत संस्थेला दाखवायचं होतं.

मी काय केलं? मोठ्या पडद्यावर दाखवलं. माझ्या तपासणीच्या भागाने चाळलेलं आणि मी जोडलेलं: शून्य. सारिकाने चाळलेलं आणि मी जोडलेलं: पट्टा. दोन्हीकडे जोडणारा तोच. मग चूक कुणाकडे? शेंबड्या पोरालाही कळेल. केदारला कळलं. सगळ्यांना कळलं. सारिका वहीत काहीतरी लिहीत राहिली. तोवर — हे मी शपथेवर सांगतो — तोवर मी खोटं बोलत नव्हतो. मला मनापासून तसंच वाटत होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, यात खोटेपणा नसतो, नुसतं आंधळेपण असतं. सोमवार ते गुरुवार मी फक्त आंधळा होतो.

गुरुवारी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. हातात आलेखाच्या वहीचा एक कागद, चार घड्या घातलेला. हळू आवाजात म्हणाली, "सर, एकदा बघाल का? मी कुणाला दाखवलेलं नाही." आणि गेली.

कागदावर नऊ आकड्यांची एक ओळ होती. नऊ — म्हणजे विषम. ते आकडे तिने छापील नियमाप्रमाणे हाताने चाळले होते, पायरी पायरी मांडून. मग हातानेच परत जोडले होते. नऊच्या नऊ परत आले होते. खाली तेच चाळलेलं माझ्या प्रोग्रामला दिल्यावर काय आलं ते लिहिलं होतं. आठवा आकडा थोडा हललेला. नववा भलताच. नवव्याभोवती लाल पेनाने गोल. बाकी काही नाही. माझं नाव नाही, बाण नाही, उद्गारचिन्ह नाही.

मी नियमाचं पुस्तक उघडलं. नववा आकडा स्वतः काढून पाहिला. मग पुन्हा काढला. कान तापले होते, ते आठवतं. खालून मिठाईवाल्याच्या कढईचा वास येत होता. तिचं बरोबर होतं. माझा एक शेजारी चुकला होता. एका ओळीची दुरुस्ती. मी उठून चार पावलं चालून केदारच्या काचेवर टकटक केलं असतं तर दहा मिनिटांत सगळं मिटत होतं. केदार मला एखादी शिवी देऊन हसला असता.

मी कागदाच्या घड्या परत घातल्या आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

का? कारणं हवीत तर पुष्कळ आहेत. त्या महिन्यात केदार मला सगळ्या टीमचा प्रमुख करणार होता. सोमवारी मी सगळ्यांदेखत मोठ्या तोऱ्यात पडदा लावून दाखवलं होतं. चार दिवस लोक तिच्याकडे कसे बघत होते ते मी पाहिलं होतं, आणि ते बघणं माझ्याकडे वळलेलं मला नको होतं. पण ही कारणं झाली. भित्रा माणूस कारणं गोळा करतो, दुसरं काय करतो?

शुक्रवारी तिच्या नेमणुकीच्या सुरुवातीच्या सहा महिन्यांचा निकाल होता. ठेवायची की नाही. छोट्या खोलीत आम्ही तिघं: केदार, ती, मी. केदारने मला विचारलं, तुझं काय म्हणणं? आणि मी म्हणालो, "सिंथेसिसची बाजू मी पुन्हा तपासली आहे."

बघा ते वाक्य. त्यात एक शब्द खोटा आहे का? तपासली होतीच ना! काय सापडलं ते तेवढं सांगितलं नाही. मी पुढे अनेकदा स्वतःशीच म्हणत आलो की त्या खोलीत मी खोटं बोललो नाही. वकिली अशी असते.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वाट बघत असल्यासारखं. मी पुढे काहीतरी म्हणणार आहे, अशी तिची खात्री होती. मी पेनचं टोपण उघडत होतो, लावत होतो. केदार बोलत होता — सारिका, यू आर हार्डवर्किंग, बट धिस इज व्हेरी बेसिक — आणि ती त्याच्याकडे बघतच नव्हती. मग तिला कळलं. कळलं तो क्षण मी पाहिला. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, ठीक आहे सर. कुणाला म्हणाली, केदारला की मला?

तिने तो कागद तिथे का काढला नाही? एक शब्द पुरे होता. यावर मी फार विचार केला आहे. तिने तो मला एकट्याला दिला होता, कारण मी तिचा सर होतो. माझा पाणउतारा होऊ नये, मीच ती चूक आपल्या हाताने सुधारावी, म्हणून. सगळ्यांदेखत काढणं तिच्या रीतीत बसलं नसतं. तिने माझी लाज राखली होती, आणि मी त्या लाजेचाच दार लावायला उपयोग केला. डबा पिशवीत टाकून ती जिना उतरली. मी संगणकाच्या पडद्याकडे बघत बसलो होतो, पडद्यावर काहीच उघडलेलं नव्हतं.

पुढचं पटकन सांगतो. त्याच दुपारी मी माझी ती एक ओळ दुरुस्त केली. बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'साफसफाई'. मग केदारला म्हणालो की चाळणारा भाग मी नव्याने लिहून काढतो. चार दिवस घेतले. नवं काय लिहिणार? तिचं होतं तेच. नावं बदलली, वरचं खाली केलं, तिच्या टिपा काढून माझ्या घातल्या. पाचव्या दिवशी समासातल्या टिपा लख्ख. केदारने पेढे मागवले, खालूनच. मी खाल्ले. ते सॉफ्टवेअर आजही चालतं. त्यात चाळणी तिची आहे आणि माथ्यावर नाव माझं.

तुम्ही म्हणाल, हे झालं तर. एका मुलीची नोकरी घालवली, तिचं काम ढापलं. सांगून टाकलं, मोकळा झालास. नाही. एवढंच असतं तर मी कधीतरी बायकोला सांगितलं असतं. ती रागावली असती, दोन दिवस बोलली नसती, आणि मग म्हणाली असती की जगात असं चालतं. जगात असं चालतंच. मी आत्तापर्यंत जे सांगितलं ते, खरं सांगू — ते मी तुम्हाला आडोशासारखं सांगत होतो.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, भूगावच्या आमच्या सोसायटीच्या गेटवरून फोन आला. वॉचमन म्हणाला, साहब, कोई गाँव का आदमी है, आपका नाम लेता है. मी ओळखलं. पाठव म्हणालो.

बिरूमामा वर आले. वहाणा बाहेर काढल्या. पाण्याच्या बाटलीत शेळीचं दूध आणलं होतं, ते बायकोच्या हातात दिलं. सोफ्याच्या अगदी टोकाला बसले, दोन्ही हात काठीवर. बायको चहा करायला आत गेली. मला वाटलं, नोकरी परत द्या म्हणायला आले असतील. त्याला मी उत्तर तयार ठेवलं होतं: माझ्या हातात नाही, केदार ऐकत नाही. पण ते त्यासाठी आलेच नव्हते.

"आमाला तुमच्या कामातलं काय कळत न्हाई, सायेब," ते म्हणाले. "पर पोरगी म्हनती, माजी चूक न्हवती. भाऊबंद म्हनत्यात, चुकी केल्याबिगर कोन काढतंय व्हय? तिला हिंजवडीत दुसरीकडं बोलावलंय. तितं ऱ्हावं लागंल, खोली करून. आता मला सांगा. ती खरं बोलत आसंल तर म्या समद्या भावकीला गुंडाळून ठेवतो आन् पाटवतो. खोटं बोलत आसंल तर न्हाई पाटवायची. घरात खोटं बोलनारी पोर लांब धाडून काय करू? तुमी तिचे गुरू. तुमी सांगाल ते खरं."

समजलं ना तुम्हाला? तो माणूस नोकरी मागत नव्हता. मुलीवर विश्वास ठेवू का, एवढंच विचारत होता. त्या एका उत्तरावर तिचं जाणं अवलंबून होतं. आणि तिथे केदार नव्हता. टीम नव्हती, पडदा नव्हता, माझं पद कुणी काढून घेणार नव्हतं. खरं सांगितलं असतं तर ते गावात कुणाला सांगणार होते? सांगितलं तरी बावधनपर्यंत ते कोण आणणार होतं? चूक माझी होती, मामा, एवढं म्हणायला मला काहीच द्यावं लागणार नव्हतं. फक्त त्या माणसाच्या डोळ्यांसमोर मी छोटा झालो असतो. तेवढंच.

मी म्हणालो, "चूक तिचीच होती, मामा."

वर साखर पेरली. म्हणालो, पहिल्या नोकरीत होतं असं, हुशार आहे ती, शिकेल. माझा आवाज किती मऊ होता! बायको ट्रे घेऊन दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कौतुक होतं — किती समजुतीने सांगतो हा म्हणून.

मामा काठीची मूठ अंगठ्याने घासत राहिले. मग म्हणाले, "मंग खोटं का बोलली आसंल वो?" ते मला विचारत नव्हते, असं आज वाटतं. स्वतःलाच विचारत होते. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मला शांतता सहन होत नाही. मी म्हणालो, "घाबरली असेल."

ही माझी चूक. ही. ड्रॉवर नाही, केदारची खोली नाही, चोरलेली चाळणी नाही. हे दोन शब्द. चूक तिच्यावर आधीच टाकली होती. आता भीतीही तिला देऊन टाकली. माझीच भीती, अंगातून काढून, त्या मुलीच्या अंगावर घातली, तिच्या बापादेखत. आणि त्याने ती घेतली. मान हलवली. चहा संपवला, कप उलटा करून ठेवला, म्हणाला, "बरं झालं इचारलं. येतो." लिफ्ट नको म्हणाला. जिन्यावर काठीचा आवाज खालपर्यंत येत राहिला.

ती हिंजवडीला गेली नाही. दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. मी त्याला, अरेरे, का बरं, असं विचारलं. तिचा नंबर माझ्याकडे अजून आहे. फोन बदलले, दरवेळी तो नंबर नव्या फोनमध्ये आपोआप येतो. एकदाही लावला नाही. पहिल्या वर्षी कधीकधी स्क्रीनवर तिचं नाव काढून बसायचो. पुढे तेही सोडलं. प्रमुख झालो. नव्या मुलांना मी आता शिकवतो की आपली तपासणी आपल्याच मापाने करू नका, कडा आधी तपासा. ती लिहून घेतात. कुठून शिकलात असं कुणी विचारत नाही.

आणि गेला महिना. मित्राने कासार आंबोलीच्या वर डोंगराच्या अंगाला बंगला बांधलाय, तो बघायला निघालो होतो. एकटाच. वळणावर मेंढरं आडवी आली. थांबलो. कळपामागून लाल मुंडासं येताना दिसलं आणि पहिला विचार काय आला? काच काळी करून घ्यायला हवी होती. चोराच्या मनात चांदणं. पण त्यांनी ओळखलं. म्हातारे झालेत. हात वर करून हसत हसत गाडीपाशी आले. काच खाली घ्यावीच लागली.

सारिका कशी आहे, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. पौडला एका दुकानात बसते. झेरॉक्स काढते, लोकांचे फॉर्म भरून देते. बरं चाललंय. मी मान हलवत होतो, एक पाय ब्रेकवर. मेंढरं गाडीला घासत जात होती. मग ते खिडकीत वाकले. चेहरा असा, जशी आनंदाची बातमी राखून ठेवली आहे.

"सांगायचंच ऱ्हायलं, सायेब. सारिकानं कबूल केलं बरं का. पाच वरसं घोकत हुती, माजी चूक न्हवती, माजी चूक न्हवती. माज्याशी धड बोलायची न्हाई. म्या बी हटलो न्हाई. म्हनलं, सायेब कशाला खोटं बोलतील? आन् ह्या दिवाळीत आपनहून आली, माज्याम्होरं बसली, म्हनली — व्हय आबा, चूक माजीच हुती. मी घाबरले, म्हनून खोटं बोलले. तवापास्नं घर कसं शांत हाय बगा." त्यांनी हात आत घालून माझा खांदा दाबला. "तुमी तवा खरं सांगितलंत, म्हनून. न्हाईतर पोरगी जलमभर खोट्यातच ऱ्हायली आसती."

रस्ता मोकळा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी म्हणालो, "बरं झालं, मामा," आणि काच वर घेतली.